मातीच्या पात्राचा मान : चीनची हिरवी भांडी, सागरी व्यापार आणि बौद्ध संघ

विनयपिटकात भिक्खूंच्या पात्रासंबंधी एक प्रसंग आला आहे. तथागत कपिलवस्तूच्या निग्रोधारामात राहत होते. तेथील एका कुंभाराने भिक्खूंना विनंती केली, की ज्यांना पात्राची गरज असेल त्यांनी ते माझ्याकडून न्यावे. भिक्खूंनी मर्यादा पाळली नाही. ज्यांची पात्रे लहान होती त्यांनी मोठी मागितली. ज्यांची मोठी होती त्यांनी लहान मागितली. कुंभार केवळ पात्रेच घडवीत बसला. विक्रीची भांडी घडविण्यास त्याला वेळ उरला नाही. त्याचा चरितार्थ बुडाला आणि बायकामुलांचे हाल होऊ लागले. हे भगवंतांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी भिक्खूंची कानउघाडणी केली. पुढे या नियमाचे अंतिम रूप असे ठरले, की ज्याच्या पात्राला पाचांहून कमी सांधे आहेत त्याने नवे पात्र मागू नये. निस्सग्गिय पाचित्तिय वर्गातील हे शिक्षापद ‘ऊनपञ्चबन्धन’ या नावाने ओळखले जाते.

या नियमाकडे आपण बहुधा भिक्खूच्या अल्पेच्छतेचा नियम म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी एका कुंभाराचे पोट आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. श्रमणाच्या गरजेने श्रमिकाचे घर उपाशी राहता कामा नये, असा या शिक्षापदाचा आशय आहे. मातीचे भांडे आणि ते घडविणारा मनुष्य यांच्याकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी त्यातून व्यक्त होते. ही दृष्टी बौद्ध जगात पुढे कशी टिकली आणि कोठे ढळली, हे चीनमधील हिरव्या झिलईच्या भांड्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आणि त्या भांड्यांच्या सागरी व्यापाराचा विचार करावयाचा आहे.

दोन दृष्टी

राजगृहाच्या श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच टांगले आणि पिंडोल भारद्वाजाने ऋद्धिबळाने ते खाली आणले, ही चुल्लवग्गातील कथा सर्वपरिचित आहे. त्या प्रसंगी भगवंतांनी लाकडाचे पात्र निषिद्ध ठरविले. त्याच ओघात सोने, रुपे, रत्ने, स्फटिक, कासे, तांबे इत्यादींची पात्रेही निषिद्ध ठरली. अनुज्ञा मिळाली ती दोनच पात्रांना : एक लोखंडाचे, दुसरे मातीचे. कुंभाराच्या चाकावरचे भांडे अशा रीतीने भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत मानाने बसले.

याच देशात मातीच्या भांड्याकडे पाहण्याची दुसरीही दृष्टी होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. मातीचे भांडे विटाळले तर पुन्हा भाजून शुद्ध होते. पण काही विटाळ असे, की पुन्हा भाजूनही ते शुद्ध होत नाही. येथवर ही केवळ भांड्यांची चर्चा वाटते. दहाव्या अध्यायात तिचे खरे रूप उघड होते. तेथे चांडाळांना ‘अपपात्र’ म्हटले आहे, म्हणजे ज्यांनी वापरलेले भांडे टाकूनच द्यावे असे लोक. आणि त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे असे विधान केले आहे. भांड्याचा विटाळ माणसावर आणि माणसाचा विटाळ भांड्यावर, असे हे दुहेरी बंधन आहे. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्यांना गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात नमूद केले आहे. ते मडके याच परंपरेचे अपत्य होय.

एकीकडे ‘पत्त’ आणि दुसरीकडे ‘अपपात्र’. माती तीच, दृष्टी वेगळी.

हिरवी झिलई

चीनमधील ज्या भांड्यांना पाश्चात्त्य अभ्यासक ‘सेलाडॉन’ म्हणतात त्यांना चिनी भाषेत ‘चिंग-त्सी’ असे नाव आहे. दगडासारखी कठीण भाजलेली माती आणि तिच्यावर काचेसारखा हिरवट लेप, हे त्यांचे लक्षण. या लेपाचा रंग वरून दिलेला नसतो. झिलईत लाकडाची राख व चुन्याचा अंश असतो, आणि शेकडा एक ते तीन इतके थोडे लोह असते. भट्टीची उष्णता बाराशे अंश सेल्सिअसच्या वर नेऊन आत हवेचा पुरवठा कमी केला, की लोहातील प्राणवायू निघून जातो आणि झिलई हिरवी उतरते. हवा अधिक राहिली तर तीच झिलई पिवळट किंवा तपकिरी होते. म्हणजे रंग सर्वस्वी भट्टी सांभाळणाऱ्याच्या हाती असे.

दक्षिण चीनमधील चेच्यांग प्रांतात डोंगराच्या उतारावर लांबच लांब भट्ट्या बांधीत. त्यांच्या आकारावरून त्यांना ‘नागभट्टी’ म्हणतात. भांडी मातीच्या खोक्यांत ठेवून रचीत, जेणेकरून राख व धूर त्यांना लागू नये. एका भाजणीत हजारो भांडी असत, आणि भाजणी बिघडली तर कित्येक दिवसांचे श्रम वाया जात. षांगलिन सरोवराच्या काठी आजही बिघडलेल्या भांड्यांच्या खापरांचे ढीग दिसतात. इतिहासाने कुंभाराची ठेवलेली सर्वांत प्रामाणिक नोंद म्हणजे हे ढीग होत.

परिपक्व स्वरूपाची हिरवी भांडी उत्तर हान काळाच्या अखेरीस, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत तयार होऊ लागली. चीनमध्ये बुद्धधम्म रुजण्याचा काळही हाच. तिसऱ्या शतकातील दक्षिण चीनच्या थडग्यांत हिरव्या झिलईचे जे अलंकृत कुंभ सापडतात, त्यांपैकी काहींवर बुद्धाच्या लहान आकृती चिकटविलेल्या आहेत. चीनमधील सर्वांत जुन्या बुद्धप्रतिमांत त्यांची गणना होते. त्या लोकांना बुद्धाची शिकवण कितपत समजली होती हे त्या आकृतींवरून ठरत नाही. परंतु भगवंतांचे रूप त्या देशात आरंभी ज्या हातांनी घडविले, त्यांत कुंभाराचे हात होते एवढे निश्चित.

इत्सिंगची साक्ष

इ. स. ६७१ मध्ये इत्सिंग हा भिक्खू कँटन बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजाने निघाला, सुमात्रातील श्रीविजय येथे थांबून भारतात आला आणि नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने ६९२ मध्ये श्रीविजयाहून स्वदेशी पाठविलेला वृत्तांत म्हणजे विनयाच्या प्रत्यक्ष आचरणाची बारीक नोंद आहे. जपानी पंडित ताकाकुसू यांनी १८९६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

या वृत्तांतात भिक्खूच्या पाण्याच्या भांड्यांविषयी एक प्रकरण आहे. पिण्याचे शुद्ध पाणी मातीच्या किंवा चिनी मातीच्या कुंडिकेत ठेवावे आणि हातपाय धुण्याचे पाणी तांब्याच्या वा लोखंडाच्या भांड्यात ठेवावे, असा प्रघात तो सांगतो. धातू श्रेष्ठ आणि माती कनिष्ठ, ही ब्राह्मणी उतरंड येथे उलटलेली आहे.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. इत्सिंगच्या आधी ह्युएन त्संगने लिहून ठेवले होते, की भारतात मातीची आणि लाकडाची भांडी एकदा वापरली की टाकून देतात. धातूची तेवढी घासून पुन्हा घेतात. इत्सिंगही उष्ट्याच्या या रूढीचे वर्णन करतो. या रूढीचा आग्रह तो स्वतःही धरतो, हे लपविण्याचे कारण नाही. सातव्या शतकातील संघावर भोवतालच्या समाजाच्या शुद्धाशुद्धीच्या कल्पनांचा पगडा बसू लागला होता. पण आपल्या देशातील भांड्यांचा प्रश्न पुढे येताच तो एक वेगळेच उत्तर देतो. भारतात अशी झिलईची भांडी मुळात होत नसत, असे सांगून तो म्हणतो, की ज्या भांड्याला झिलई आहे ते निःसंशय शुद्ध समजावे.

असे का? कारण उघड आहे. कच्च्या झिलईविना भाजलेले मडके अन्नाचा अंश शोषून घेते. झिलईचे भांडे शोषीत नाही. ते धुतले की स्वच्छ होते. इत्सिंगने शुद्धीचा प्रश्न अशा प्रकारे मंत्रावरून आणि जन्मावरून काढून पाण्यावर आणि राखेवर आणून ठेवला. शुद्धी म्हणजे स्वच्छता, आणि ती धुण्याने येते, हा विचार त्या एका वाक्यात सामावला आहे. वसलसुत्तात तथागतांनी माणसाविषयी जे सांगितले, की जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो, त्याचेच हे भांड्यापुरते रूप म्हणता येईल.

राजाश्रय आणि ‘गुप्त वर्ण’

तांग काळात चेच्यांगमधील युए भट्ट्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. विहारात वाढलेल्या लू यू याने आठव्या शतकात चहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात चहासाठी युए येथील वाट्या सर्वांत उत्तम ठरविल्या आहेत. विहारांत ध्यानाच्या वेळी जागृत राहण्यासाठी चहा पिण्याची प्रथा पडली होती; तिच्यासोबत हिरवी वाटीही विहारांत पोहोचली.

याच भट्ट्यांतील उत्कृष्ट भांड्यांना ‘मी-से’, म्हणजे ‘गुप्त वर्ण’, असे नाव होते. ही भांडी नेमकी कोणती, हे कित्येक शतके कोणालाही सांगता येत नव्हते. १९८७ मध्ये षेन्शी प्रांतातील फामेन विहाराच्या पडलेल्या स्तूपाखालचे तळघर उघडले. ८७३ मध्ये तांग बादशहाने तेथील बुद्धाची अस्थी राजधानीत नेली होती. ८७४ मध्ये ती परत ठेवून तळघर बंद करण्यात आले. आत अस्थिधातू, सोन्यारुप्याच्या वस्तू, रेशीम आणि अर्पण केलेल्या वस्तूंची यादी कोरलेला शिलालेख मिळाला. त्या यादीत ‘मी-से’ची सात पात्रे, त्यांपैकी दोन रुप्याच्या कडेची, आणि सहा ताटल्या असे तेरा नग नोंदलेले आहेत. नाव आणि वस्तू एकत्र सापडल्याने जुने कोडे सुटले. पुढे २०१५ ते २०१७ या काळात षांगलिन सरोवराकाठच्या एका भट्टीचे उत्खनन झाले आणि ही भांडी तेथेच भाजली जात, यास पुष्टी मिळाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या शास्त्याने रुप्याचे पात्र निषिद्ध ठरविले, त्याच्याच अस्थीपुढे रुप्याच्या कडेचे पात्र ठेवले गेले. यादीत अर्पण करणाऱ्या राजकुळाचा गौरव आहे. सरोवराकाठी भट्टीसमोर रात्र जागविणाऱ्या कुंभाराचे नाव नाही. धम्माला राजाश्रय मिळतो तेव्हा धम्माचा वैभवाशी आणि सत्तेशी समझोता होण्याचा धोकाही त्याच दाराने आत येतो. चीनच्या बौद्ध इतिहासाचे कौतुक करताना ही बाजू आपण विसरता कामा नये.

तांग साम्राज्य मोडल्यावर, ९०७ ते ९७८ या काळात, हा प्रदेश वू-युए या लहान राज्याकडे होता. त्याचा अखेरचा राजा च्यान छू याने दहाव्या शतकाच्या मध्यास सम्राट अशोकाच्या अनुकरणाने चौऱ्याऐंशी हजार छोटे धातूचे स्तूप करविले. हेच राज्य मोठ्या संख्येने हिरवी भांडी उत्तरेकडे खंडणी म्हणून पाठवी आणि परदेशी विकी. त्याच्या निंगपो बंदराजवळ एक प्राचीन विहार आहे. त्याचे नाव ‘अ-यू-वांग’, अर्थात अशोक राजाचा विहार. हिरव्या भांड्यांची जहाजे ज्या बंदरातून निघत, त्या बंदराच्या पाठीशी अशोकाच्या नावाचा डोंगर होता.

सागरी मार्ग

माल आणि धम्म एकाच जहाजातून जात असत. इ. स. ४१० च्या सुमारास फाहियान सिंहलद्वीपातील अभयगिरी विहारात होता. तेथील बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा पाहून मायदेशाच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. त्याच द्वीपाच्या वायव्य किनाऱ्यावरील मांतई बंदराच्या उत्खननात युए भट्ट्यांची खापरे मिळाली आहेत.

या व्यापाराचे आकारमान बुडालेल्या जहाजांवरून कळते. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ अरबी बांधणीचे एक जहाज सापडले. त्यात सुमारे साठ हजार चिनी भांडी होती. एका वाडग्यावरील कोरीव तारीख इ. स. ८२६ ची आहे. बहुतेक माल चांगषा येथील साधा होता. युएची हिरवी भांडी सुमारे दोनशेच होती. जावाजवळील चिरेबोनच्या जहाजात मात्र, जे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, युए भांड्यांचाच भरणा होता आणि ती लाखांच्या संख्येत होती. दीडशे वर्षांत राजदरबारची वस्तू बाजारपेठेचा माल झाली.

सुंग राजवटीने या व्यापाराला रीतसर रूप दिले. कँटन येथे ९७१ मध्ये, निंगपो येथे ९९९ मध्ये आणि च्वानचौ येथे १०८७ मध्ये सागरी व्यापाराची सरकारी कचेरी स्थापन झाली. परदेशी मालाच्या मोबदल्यात सोने, रुपे आणि तांब्याची नाणी बाहेर जाऊ लागली, तेव्हा १२१९ मध्ये दरबाराने आज्ञा काढली, की मोबदला रेशीम, चिनी भांडी आणि लाखेच्या वस्तूंच्या रूपाने द्यावा. मातीला सोन्याचे काम आले. या सुमारास युए भट्ट्या मागे पडून त्याच प्रांताच्या दक्षिण भागातील लुंगच्वान भट्ट्या पुढे आल्या. त्यांची जाड, जेडसारखी झिलई जपानपासून इजिप्तमधील फुस्तातपर्यंत आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किल्वापर्यंत पोहोचली. तमिळ किनाऱ्यावरील पेरियपट्टिनम येथेही लुंगच्वानची खापरे विपुल मिळाली आहेत. त्याच किनाऱ्यावर नागपट्टणम येथे श्रीविजयाच्या राजाने अकराव्या शतकाच्या आरंभी चूडामणी विहार उभारला होता. उत्तरेत धम्म क्षीण होत असताना सागरी व्यापाराच्या आधाराने दक्षिण किनाऱ्यावर तो तग धरून होता, याची ही साक्ष आहे.

उलट दिशेनेही काही गेले. भिक्खूची ‘कुण्डिका’ हे मूळचे भारतीय भांडे. कोरियाच्या कुंभारांनी बाराव्या शतकात हिरव्या झिलईत तिच्या अप्रतिम आवृत्ती घडविल्या, आणि मलाया-इंडोनेशियात आजही तोटीच्या सुरईला ‘केंडी’ म्हणतात. रूप भारताचे, हात पूर्वेचे, आणि उपयोग विहाराचा.

१९७५ मध्ये कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ कोळ्यांच्या जाळ्यात चिनी भांडी आली. पुढील उत्खननात १३२३ मध्ये निंगपोहून जपानकडे निघालेले जहाज सापडले. त्यात वीस हजारांहून अधिक भांडी होती, त्यांपैकी निम्म्याहून अधिक हिरवी. शिवाय सुमारे अठ्ठावीस टन तांब्याची नाणी. मालाला बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्यांवर क्योतो येथील तोफुकुजी विहाराचे नाव होते. हा विहार १३१९ मध्ये जळाला होता. त्याच्या पुनर्बांधणीचा खर्च या व्यापारातून उभा करावयाचा होता, असे अभ्यासक मानतात. संघ येथे केवळ दान घेणारा नाही, तर व्यापाराचा भागीदारही आहे.

पुढे मिंग राजवटीने १३७१ मध्ये खाजगी सागरी व्यापारावर बंदी घातली, निळ्या नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांना मागणी वाढली आणि लुंगच्वानच्या भट्ट्या हळूहळू विझल्या. विसाव्या शतकात ही विद्या पुन्हा जागृत करण्यात आली आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

सांधलेले पात्र

तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयात लुंगच्वानचे एक हिरवे वाडगे आहे. त्याला ‘बाकोहान’ म्हणतात. जपानी परंपरा सांगते, की बाराव्या शतकात ताइरा शिगेमोरी या सरदाराने अशोक विहाराला सोने दान केले, तेव्हा तेथील आचार्यांनी हे वाडगे त्याला भेट दिले. शैलीवरून वाडगे तेराव्या शतकातील दिसते. म्हणून ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. कथेचा पुढील भाग असा, की पंधराव्या शतकात ते आशिकागा योशिमासा याच्याकडे असताना त्याला तडा गेला. त्याने ते चीनला पाठवून तसेच दुसरे मागितले. तसे दुसरे मिळेना, म्हणून चिनी कारागिरांनी धातूचे टाके घालून तेच परत पाठविले. टाके आजही त्यावर स्पष्ट दिसतात, आणि जपानमध्ये त्या वाडग्याचा मान टाक्यांमुळे कमी न होता वाढला.

पाली विनय वाचणाऱ्याला येथे ऊनपञ्चबन्धनाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. योशिमासाने हा नियम पाळला असे मला म्हणावयाचे नाही. त्याची आवड ही धनिकाची आवड होती. परंतु फुटलेले पात्र सांधून वापरावे, त्यात उणेपणा नाही, ही जाणीव ज्या समाजांत रुजली त्या समाजांत विनयाची शतकानुशतकांची शिकवण होती. आमच्याकडे फुटके भांडे ही शिक्षा होती. भिक्खूने स्वेच्छेने स्वीकारलेले सांधलेले पात्र आणि चांडाळावर लादलेले फुटके भांडे, यांतील अंतर म्हणजेच धम्म आणि वर्णव्यवस्था यांतील अंतर होय.

चिनी भांडे अखेर आमच्या खेड्यांतही आले. कपबशीच्या रूपाने आले. त्याला झिलई होती. इत्सिंगच्या न्यायाने ते निःसंशय शुद्ध होते. धुतले की स्वच्छ होणारे होते. तरीही आमच्या आधीच्या पिढ्यांना गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी उचलावी लागली आणि चहा पिऊन स्वतःच धुऊन पुन्हा तेथेच ठेवावी लागली. इत्सिंगने हजार वर्षांपूर्वी काढून टाकलेली सबब तेथे उरली नव्हती. भांडे शोषीत नव्हते, मन शोषीत होते. विटाळ मातीत कधीच नव्हता, हे त्या कपबशीने सिद्ध केले.

म्हणून हिरव्या भांड्यांचा हा इतिहास आम्हांला केवळ कलेचा इतिहास नाही. फामेनच्या तळघरातील तेरा नगांपेक्षा कपिलवस्तूच्या त्या अनाम कुंभाराचे घर आम्हांला अधिक मोलाचे वाटले पाहिजे, कारण त्या घराची चूल विझू नये म्हणून तथागतांनी नियम घातला. ज्या विहारात पात्राची पूजा होते पण पात्र घडविणाऱ्याची विचारपूस होत नाही, तेथे विनय केवळ ग्रंथात उरला आहे असे समजावे. आपल्या विहारांनी ही कसोटी आधी स्वतःला लावावी.